जेट इंजिन विमानाला पुढे कसे ढकलते?

लोहगाव विमानतळावरून उडालेले विमान तुम्ही पाहिले असेलच. अशा विमानांच्या इंजिनांचे सुटे भाग आपल्या चाकणमध्येही तयार होतात. तेथील जीई कंपनीच्या कारखान्याचे उद्घाटन १४ फेब्रुवारी २०१५ रोजी झाले. पण हे इंजिन एवढ्या जड विमानाला पुढे कसे नेते?

एक फुगा फुगवा आणि तोंड न बांधता सोडून द्या. हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो. प्रत्येक क्रियेला तेवढीच, पण विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही विज्ञानात शिकला आहात. जेट इंजिन याच नियमावर चालते. फुग्यातली हवा क्षणात संपते. इंजिन मात्र समोरून सतत नवी हवा आत घेते.

पुढचा मोठा पंखा हवा आत ओढतो. तिच्यातला काही भाग कॉम्प्रेसरमध्ये जातो. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर हवा दाबतो, तसाच हाही दाबतो. दाबलेल्या, तापलेल्या हवेत रॉकेलसारखे इंधन जळते. त्यामुळे वायू प्रचंड तापतो, प्रसरण पावतो आणि वेगाने मागे धावतो. वाटेत तो टर्बाइनची पाती फिरवतो. टर्बाइन दांड्याने पंख्याला व कॉम्प्रेसरला जोडलेले असते, म्हणून तेही फिरत राहतात.

प्रवासी विमानात बरीचशी हवा इंजिनाच्या गाभ्यात न जाता त्याच्या भोवतीने मागे फेकली जाते. विमानाला पुढे नेणारा बहुतेक जोर तिच्यापासूनच मिळतो.

मागे फेकलेला वायू बाहेरच्या हवेवर आदळतो, म्हणून विमान पुढे जाते, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. इंजिन हवेला मागे ढकलते आणि तीच हवा इंजिनाला पुढे ढकलते.

टर्बाइनजवळचा वायू इतका तप्त असतो, की पात्यांचा धातूही वितळावा. म्हणून पाती पोकळ करून त्यांच्या बारीक छिद्रांतून त्यामानाने थंड हवा खेळवतात. अशा कामात केसाएवढी चूकही चालत नाही.

एवढे बळकट इंजिनही एखादी घार आत शिरली तर बिघडू शकते. घारी उघड्यावरच्या कचऱ्याकडे आणि मांसाच्या तुकड्यांकडे येतात. म्हणून विमानतळाच्या परिसरात कचरा उघड्यावर टाकू नये. शेकडो प्रवाशांचे प्राण त्यामुळे सुरक्षित राहतात. हे काम इंजिनिअर नसतानाही आपण सर्वजण करू शकतो.