जास्वंद लावू की बोगनवेल?

मैत्रिणींनो, विट्यासारख्या गावात राहणाऱ्या बाईनं फुलझाडांची हौस करावी की नाही, हा प्रश्न एप्रिल-मे आला की हमखास पडतो. ऊन चाळिशीला टेकलेलं, बोअरचं पाणी जड, नळाचं पाणी भरून ठेवलेलं. त्यातून कुंड्यांना तांब्याभर घालायला गेलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "माणसांना पुरेना, नि झाडांना कुठलं?" खानापूर तालुका पहिल्यापासून दुष्काळी पट्ट्यातला. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी घराघरातल्या वडीलधाऱ्या बायका अजून सांगतात. टेंभू योजनेनं कृष्णेचं पाणी आपल्या शिवारांत आलं हे खरं, पण म्हणून अंगणातली बादली काही आपोआप भरत नाही!

आणखी एक अडचण खास आपल्याकडची. इथली कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यामुळे देशभर पांगलेली. मुलांच्या परीक्षा संपल्या की बायका-मुलं मालकांकडे जातात आणि भर उन्हाळ्यात घराला महिना-दीड महिना कुलूप लागतं. तेव्हा दारात काय लावायचं हे ठरवताना फुलाच्या रंगाआधी हे कुलूप लक्षात घ्यायला हवं, नाही का?

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात ती दोन झाडं म्हणजे जास्वंद आणि बोगनवेल. दोघींना ऊन हवं, दोघी छाटणीला भीत नाहीत, दोघी फांदीवरून लागतात. पण स्वभाव म्हणाल तर एक माहेरवाशीण, रोज विचारपूस हवी असलेली. दुसरी जितकं दुर्लक्ष कराल तितकी फुलणारी.

जास्वंदीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. म्हणजे रोज गणपतीला ताजं फूल हवं तर झाडानं रोज नवी कळी धरायला हवी, आणि कळ्या येतात त्या नव्या कोवळ्या फुटीवर. नवी फूट म्हणजे पाणी आणि खत. उन्हाळ्यात कुंडीतल्या जास्वंदीला रोज सकाळी पाणी लागतंच, लहान कुंडी असेल तर संध्याकाळीही थोडं. एक दिवस कोरडं गेलं नि दुसऱ्या दिवशी बादलीभर ओतलं, की कळ्या न उमलताच टपाटप गळतात. अशा वेळी बायका खत बदलतात, कुंडी हलवतात. कुंडी हलवल्यानं तर कळ्या आणखीच गळतात! पाण्याची वेळ आणि माप सांभाळा, एवढं पुरे.

आता जड पाण्याचं बघू. जास्वंदीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर झाडाला लोह मिळत नाही असं समजा. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या मातीत आणि क्षारांच्या पाण्यात ते मुळांना घेता येत नाही. दुकानात हिराकस मिळतं. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा हिराकस आणि लिंबाचे चार थेंब घालून ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर मात्र सांडू देऊ नका, गंजाचे डाग जाता जात नाहीत. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी जास्वंदीला जरूर घाला. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पण पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे फेकून द्यायचं पाणी निघतं, ते वाचवायच्या नादात जास्वंदीला घालू नका. गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. ते फरशी पुसायला वापरा.

बोगनवेलीचं सगळं उलट. ती मूळची दक्षिण अमेरिकेची. आपण जिला फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं. त्या तीन पानांच्या मधोमध जी बारीक पांढुरकी नळी दिसते, तिथं खरं फूल. तिचं नाव पडलं बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीवरून. १७६६ ते १७६९ या त्याच्या सफरीत कोमेर्सों नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि त्याच्या मदतनिसाचं काम करत होती झान बारे ही बाई, पुरुषाचा वेष घेऊन! तेव्हा फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर बायकांना मज्जाव होता. ब्राझीलच्या किनाऱ्यावर बोगनवेल या मंडळींच्या हाती लागली. ती गोळा करणारी झानच असावी, असं आज अनेकजण मानतात. पृथ्वीला वळसा घालणारी पहिली ज्ञात स्त्री तीच. नाव मात्र वेलीला कप्तानाचं मिळालं. असो.

तर या वेलीला तहान लागली की ती बहरते. जमीन कोरडी पडली, पानं किंचित मलूल झाली, की मग पाणी द्यायचं. जमिनीत लावून दोन वर्षं झालेली वेल आठवड्यातून एकदा भरपूर पाण्यावर उन्हाळा काढते. रोज पाणी नि वरून शेणखत घालाल, तर हिरवीगार पानं नि हातभर काटे मिळतील, रंग मिळणार नाही. दिवसाकाठी पाच-सहा तास थेट ऊन मात्र हवंच. गॅलरीच्या सावलीत ती नुसतीच लांबत जाते.

माती दोघींना निचऱ्याची लागते. आपली काळी माती नुसतीच कुंडीत भरली तर ओली असताना चिखल नि सुकल्यावर दगड. जास्वंदीला पोयट्याची माती आणि मुरलेलं खत निम्मं-निम्मं घ्या. बोगनवेलीला खत चौथाई, बाकी माती आणि मुरूम. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या शहरांमध्ये आपला पहिला नंबर आला होता. ओला कचरा वेगळा काढायची सवय हाताला आहेच, त्यातलाच थोडा घरच्या माठात कुजवला तर खत विकत आणायला नको.

रोगराई म्हणाल तर जास्वंदीला जास्त. शेंड्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की ते पिठ्या ढेकूण. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर तेव्हाच सावध व्हा, कारण त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्याच त्यांना सांभाळतात. जुन्या दातांच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यानं घासून काढा. मग लिटरभर पाण्यात एक चमचा निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून आठवड्यानं दोनदा फवारा. फार बोकाळले तर शेंडा कापून पिशवीत बांधून टाका, खताच्या माठात नको. बोगनवेलीला हा त्रास कमी, पण काटे आहेत. रांगतं मूल घरात असेल तर फाटकाशी, जिन्याशी लावू नका. शिवाय तिचा कागदी पाचोळा वाऱ्यानं शेजारणीच्या अंगणात जातो. तिची परवानगी आधी घेतलेली बरी!

आता कुलपाचा हिशेब. आठ-दहा दिवस जायचं असेल तर जास्वंदीच्या कुंड्या सावलीत एकत्र ठेवा, मातीवर उसाचं पाचट किंवा नारळाच्या शेंड्या पसरा, आणि भरल्या बादलीतून सुती कापडाची जाड वात प्रत्येक कुंडीत खोचा. बादली कुंडीपेक्षा उंचावर हवी. महिनाभरासाठी हे पुरणार नाही. तेव्हा जावेकडे किंवा शेजारी कुंड्या पोचवा. कुंडीतली बोगनवेलही महिनाभर उन्हात बिनपाण्याची टिकत नाही, लोक उगाच सांगतात. टिकते ती जमिनीत मुरलेली. म्हणून ज्यांचं घर दर उन्हाळ्यात बंद असतं त्यांनी बोगनवेल लावावी, तीही जमिनीत, फाटकापासून हातभर आत. घरात बारमाही माणूस आहे, सकाळी देवपूजा आहे, त्यांनी गावठी तांबडी जास्वंद लावावी. रोपवाटिकेतल्या थाळीएवढ्या फुलांच्या कलमी जाती दिसतात छान, पण आपल्या उन्हाला गावठीच भारी.

दोन्हींच्या फांद्या लावायला पावसाळा चांगला. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी घ्या, खालची पानं काढा, तिरका काप देऊन ओलसर रेताड मातीत खोचा. जास्वंद महिन्याभरात धरते, बोगनवेल जरा जास्त वेळ घेते. फुटलेलं पान बघून उपटून मुळं तपासायचा मोह आवरा. बोगनवेलीची मुळं फार नाजूक असतात. पिशवीतून जमिनीत लावताना मातीचा गड्डा फुटू देऊ नका, पिशवी कात्रीनं कापून अलगद सोडवा.