पुणतांब्याहून भंडारदरा: जुम्यानंतर निघा, रविवारी परत या

नकाशात पुणतांबा आणि घाटघर एकाच जिल्ह्यात येतात, यावर पावसाळ्यात विश्वास बसत नाही. राहाता तालुक्यात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. ऑगस्ट उजाडला तरी सोयाबीनवाला आभाळाकडे बघतोय, असं चित्र आम्हाला नवं नाही. त्याच वेळी अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीत पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते काही उगाच नाही. अंतर म्हणाल तर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पुणतांब्यातल्या नव्या जोडप्याला धबधबे आणि दाट जंगल बघायला केरळ गाठायची गरज नाही. मुसलमान जोडप्यालाही नाही, कारण खाण्याची आणि नमाजाची सोय इथे थोड्या आखणीत होते.

पुणतांब्याबद्दल बाहेरच्यांना दोनच गोष्टी ठाऊक असतात: गोदाकाठची चांगदेवांची समाधी आणि १ जून २०१७ चा शेतकरी संप. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांसमोर ज्ञानदेवांनी भिंत चालवली, ही कथा शाळेतल्या पोरालाही येते. वाघावरचा पाहुणा आणि चालणारी भिंत हीच जोडी उत्तर हिंदुस्थानातल्या सूफींच्या गोष्टींतही सापडते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. असो, वाघ आपल्याकडे नाही. रेल्वे जंक्शन आहे, पण अकोल्याकडे रूळ जात नाहीत. तेव्हा गाडी काढायची आणि राहाता, बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं जायचं. संगमनेरच्या पुढे उसाची जागा हळूहळू भात घेतो आणि राजूर ओलांडलं की काचेवरचे वायपर थांबत नाहीत. एसटीनं जाणाऱ्यांनी संगमनेर किंवा अकोल्यात गाडी बदलायची आणि धरणाशेजारच्या शेंडी गावाची शेवटची बस किती वाजता, हे आधी विचारून घ्यायचं. उशीर झाला तर राजूरला अडकाल.

शुक्रवारी जुमा गावातच पढून दुपारी निघालं की उजेडात शेंडीला पोचता येतं. भंडारदरा धरण याच शेंडी गावाला खेटून आहे. हनफी हिशोबानं अठ्ठेचाळीस मैलांपुढचा प्रवास आणि पंधरा दिवसांहून कमी मुक्काम असेल तर माणूस मुसाफिर ठरतो. चार रकातींचे फर्ज दोनच होतात. भंडारदरा या हिशोबात आरामात बसतं, म्हणजे फिरण्याला वेळ आपोआप मिळतो. रस्त्यात मशिदी संगमनेर-अकोल्यात आहेत. पुढे डोंगरात कोरडी जागा आणि सोबत घेतलेलं जानमाज एवढ्यावर भागतं. पावसात कोरडी जागा मिळणं हीच खरी अडचण, म्हणून चटईखाली घालायला प्लास्टिकचा कागद घ्या. वजूसाठी धबधब्याच्या कडेला उतरू नका. शेवाळलेला खडक दिसतो तसा नसतो. बाटलीतलं पाणी पुरतं.

आता जेवण. मटण-कोंबडी हलाल आहे का, हा प्रश्न विचारताना आमची पोरं उगाच संकोचतात. महाराष्ट्रातल्या खेड्याला हा प्रश्न मुळीच नवा नाही. बारा बलुतेदारांच्या कित्येक याद्यांत मुलाण्याचं नाव आहे. जत्रेतला बोकड मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून कापल्याशिवाय अनेक गावांत चूल पेटत नसे, आणि ते मटण पाटलाच्या वाड्यावरही जात असे. भंडारदऱ्याच्या भोवतालच्या वाड्या मात्र महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या. तिथे कोंबडी घरचाच माणूस कापतो. तेव्हा सरळ विचारावं, कोणी वाईट मानत नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे संगमनेर किंवा अकोल्यातल्या आपल्या नेहमीच्या पद्धतीच्या दुकानातून कोंबडी कापून घ्यायची आणि मुक्कामाच्या घरी ‘एवढी करून द्या’ म्हणायचं. घरगुती राहण्याच्या ठिकाणी अशी विनंती चालते. माशाला कापण्याची अट नाही, त्यामुळे जलाशयातला मासा तळून मिळाला तर निर्धास्त खावा. खेकड्याच्या रश्श्याचं कौतुक पावसाळ्यात फार ऐकू येईल, पण हनफी घरांत खेकडा चालत नाही. आणि खरं सांगायचं तर या हवेत नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता भात यापुढे मटणाची आठवणही होत नाही. काळभातासारखे गावठी वाण याच तालुक्यात टिकून आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं जपण्यासाठी पद्मश्री मिळाली, ते कोंभाळणं अकोल्यातलंच.

मुक्कामाबद्दल माझं मत ठाम आहे: नव्या जोडप्यानं तलावाकाठच्या तंबूत राहू नये. कापडाच्या भिंतीपलीकडे कोणाचा तरी स्पीकर रात्री दोनपर्यंत चालू असतो आणि बाटल्याही उघडतात. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, गावात खोल्या आहेत. दार लागणारी खोली घ्या, दोघांची आधार कार्डं जवळ ठेवा, आणि आवारात दारू चालते का हे फोनवरच विचारा. उत्तर द्यायला समोरचा घुटमळला, तर तेच उत्तर समजा.

शनिवारी पहाटे, मुंबई-नाशिकच्या गाड्या पोचायच्या आत, धरणाच्या पायथ्याशी जा. हे दगडी धरण १९१० ला सुरू होऊन १९२६ ला पुरं झालं. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते १० डिसेंबर १९२६ रोजी उद्घाटन झालं, म्हणून विल्सन डॅम. भिंतीची उंची ८० मीटरच्या वर. भिंतीतल्या मोरीतून सोडलेलं पाणी खाली एका फुगीर, गोलसर खडकावर पडतं आणि चहूबाजूंनी सारखं पसरत घसरतं. वरून गच्च पांढरं, कडेला झालर सुटल्यासारखं. हाच अंब्रेला फॉल. समोरच्या पुलावर उभं राहिलं की तुषार अंगावर येतात आणि शेजारच्याचं बोलणं कानाशी आल्याशिवाय ऐकू येत नाही. नवरा-बायकोला आणखी काय हवं! पण हा धबधबा पूर्णपणे पाटबंधारे खात्याच्या मर्जीवर आहे. मोरी बंद असेल तर खडक नुसता ओला दिसतो.

रंधा मात्र प्रवरेचा स्वतःचा. शेंडीपासून दहाएक किलोमीटरवर नदी सुमारे १७० फूट खाली दरीत उडी घेते. शेजारी घोरपडा देवीचं देऊळ आहे. धरणाचं पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यातून वळवल्यापासून रंध्याला जोर उरला तो पावसाळ्यातच. कठड्याच्या आत राहून बघा. कठडा ओलांडून फोटो काढणाऱ्यांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतोच.

यानंतर तलावाला वळसा. शेंडीहून मुरशेत, पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी करत परत शेंडी, असा चाळीसेक किलोमीटरचा फेरा आहे. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, १९८६ मध्ये जाहीर झालेलं. नाक्यावर वनखात्याची पावती फाडायची आणि आत गाण्यांचा आवाज बंद ठेवायचा. जंगल सदाहरित म्हणावं इतकं सगळीकडे दाट नाही. पण ओढ्यांच्या घळीत आणि देवरायांत जांभूळ, हिरड्यांची गर्दी आहे, खाली कारवीचं रान, आणि नशीब असेल तर शेकरू फांदीवरून फांदीवर जाताना दिसतं. रस्त्याच्या कडेनं किती ओहोळ कोसळतात याची मोजदाद कोणी करू नये. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर दगडी कोरीवकामासाठी बाहेरून तरी बघाच. घाटघरचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, म्हणजे जवळपास किबल्याच्याच दिशेला. धुकं हटलं तर खाली कोकण पसरलेलं. वारा चढा असेल तर कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर फेकलं जातं. असरची वेळ इथे गाठता आली तर उत्तम, पण कड्यापासून लांब, रस्त्याच्या बाजूला.

जुलैत जाऊ नका, असं मी सांगेन. धुक्यात समोरची गाडी दिसत नाही, धबधबा कुठला दिसणार! ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबर हा खरा काळ. मधल्या सुट्यांच्या शनिवार-रविवारी पोलिस वाहतूक एकेरी करतात आणि दहा किलोमीटरला तास जातो. रविवारी नाश्ता करून लगेच निघालं की समोरून येणारी रांग आपण उलट्या बाजूनं, मजेत बघत उतरतो. राजूरला पेढ्यासाठी थांबा. सासरी-माहेरी दोन्हीकडे चालतो.

येताना निळवंडे धरण लागतं. भंडारदऱ्याचं पाणी त्यात येतं, कालव्यांनी उसात आणि जिरायती गावांत जातं आणि उरलेलं प्रवरासंगमला गोदावरीला मिळतं. पण तो संगम पुणतांब्याच्या खालच्या अंगाला. आमच्या घाटापुढून वाहतं ते नाशिककडचं पाणी. त्यामुळे भंडारदरा भरलं की नाही, हे पुणतांब्याच्या पुलावरून कळत नाही. त्यासाठी पावसाळ्यात पेपरात रोज येणारा धरणसाठ्याचा चौकोन बघायचा. भंडारदऱ्याची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. आकडा त्याच्या जवळ आला आणि विसर्ग सुरू झाल्याची बातमी लागली, की येत्या शुक्रवारसाठी खोली सांगून टाका.