सर्व्हिसिंगनंतर इंजिन का बसते?

सुबारू बीआरझेड आणि टोयोटा ८६ या जुळ्या स्पोर्ट्‌स कार २०१२ साली बाजारात आल्या. अमेरिकेत टोयोटाची गाडी सुरुवातीला सायन एफआर-एस या नावाने विकली गेली. नावे वेगळी असली तरी सगळ्या गाड्या जपानमधल्या गुन्मा इथल्या सुबारूच्या कारखान्यात तयार होत आणि सगळ्यांत इंजिन एकच असे: १९९८ सीसी, चार सिलिंडर, मिनिटाला ७००० फेऱ्यांवर सुमारे २०० अश्वशक्ती. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुबारूने या गाड्यांची सुरुवातीची खेप इतर काही मॉडेलांसह परत बोलावली. जगभरात मिळून सुमारे ४ लाख गाड्या होत्या. दोष व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये होता आणि दुरुस्ती डीलरकडे मोफत होणार होती. ती झाल्यावर थोड्याच काळात काही गाड्यांची इंजिने कायमची बंद पडली. त्यांत बिघडली ती मात्र स्प्रिंग नव्हे, क्रँकवरची बेअरिंगे.

मुळातला दोष अगदी सूक्ष्म होता. इंजिन ७००० फेऱ्यांवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३५०० वेळा, म्हणजे सेकंदाला ५८ वेळा उघडतो, आणि दर वेळी त्याला परत जागेवर आणण्याचे काम स्प्रिंग करते. शांतपणे, सरासरी २५०० फेऱ्यांवर आणि ताशी ५० किलोमीटरने चालवलेल्या गाडीतसुद्धा १ लाख किलोमीटरमध्ये प्रत्येक स्प्रिंग सुमारे १५ कोटी वेळा दबते. पोलादात परक्या पदार्थाचा बारीकसा कण अडकलेला असेल, तर तिथे ताण एकवटतो, तडा सुरू होतो आणि दर दाबासरशी किंचित पुढे सरकतो. सुबारूने हेच कारण दिले: स्प्रिंगवरचा भार अंदाजापेक्षा जास्त होता आणि पोलादात सूक्ष्म अशुद्ध कण होते.

स्प्रिंग काही रुपयांची असते, पण तिच्यापर्यंत पोचणे या इंजिनात सोपे नाही. याचे सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले आहेत. त्यामुळे गाडीचे वजन जमिनीलगत राहते आणि वळणावर गाडी कमी झुकते. पण सिलिंडर हेड बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्यांना जवळजवळ भिडलेले असतात आणि हात घालायला जागा उरत नाही. म्हणून इंजिन गाडीतून उतरवायचे, पुढचे चेन कव्हर काढायचे, टायमिंग चेन सोडवायची, कॅमशाफ्टचे बैठक-भाग उचलायचे आणि मग सोळा व्हॉल्व्हच्या स्प्रिंग बदलायच्या. हे काम कारखान्यातल्या स्वच्छ जोडणी-कक्षात नव्हे, तर रोजच्या सर्व्हिसिंगच्या गर्दीत, शेकडो डीलरांकडच्या मेकॅनिकांनी करायचे होते.

खरी अडचण जोडताना येते. चेन कव्हर आणि कॅमचे बैठक-भाग यांच्या सांध्यांत कापलेले गॅस्केट नसते. तिथे ट्यूबमधून काढलेली द्रव सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ ओढायची असते. हवेतल्या ओलाव्याने ती घट्ट होऊन रबर बनते. त्याआधी जुन्या सीलंटचा शेवटचा थरही खरवडून काढावा लागतो आणि पृष्ठभाग तेलरहित करावा लागतो. रेघ बारीक पडली तर तेल गळते. तेल गळाले की गाडी परत येणार, हे मेकॅनिकला ठाऊक असते, म्हणून हात सढळ पडतो. बोल्ट आवळले की जास्तीचे सीलंट दोन्ही बाजूंना दाबले जाते. बाहेर आलेले दिसते आणि पुसले जाते. आत आलेले कुणालाच दिसत नाही. त्याचे शेव-तुकडे पुढे गरम तेलात सुटतात आणि तळाच्या ऑइल चेंबरमध्ये, पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतात. बंद पडलेली काही इंजिने उघडल्यावर जाळीवर असे तुकडे सापडले. सीलंट योग्य जागी लागले नाही, तर बैठक-भागांतला तेलाचा बारीक मार्गही बुजू शकतो.

खरवडण्यातही धोका आहे. वेळ वाचवण्यासाठी फिरत्या यंत्राला लावलेले खरखरीत पॅड वापरले, तर त्यांतले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण इंजिनात पडतात, बेअरिंगच्या मऊ धातूत रुततात आणि क्रँक घासू लागतात. जनरल मोटर्सने आपल्या वर्कशॉपना असे पॅड न वापरण्याची लेखी ताकीद पूर्वीच दिलेली आहे.

एवढ्याशा कचऱ्याने इंजिन का जावे, याचे उत्तर बेअरिंगमध्ये आहे. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये पातळ बेअरिंग शेल असते: स्टीलची पाठ आणि आतून मऊ मिश्रधातूचा थर. शेल आणि क्रँक यांतली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, माणसाच्या केसाच्या जाडीहून कमी. त्या फटीत दाबाने सोडलेले तेल फिरत्या क्रँकबरोबर ओढले जाते आणि त्याचाच पाचर-आकाराचा थर क्रँकला उचलून धरतो. सुस्थितीतल्या इंजिनात दोन्ही धातू चालताना एकमेकांना जवळपास शिवत नाहीत. ही व्यवस्था तेलाच्या अखंड पुरवठ्यावरच टिकून असते.

स्पोर्ट्‌स कारमध्ये या थरावर पडणारा भार प्रचंड असतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या इंजिनाचा स्ट्रोक ८६ मिलिमीटर आहे. ७००० फेऱ्यांवर पिस्टनची सरासरी गती सेकंदाला २० मीटर होते आणि वरच्या टोकाला दिशा पालटताना त्याचा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३ हजार पट असतो. पिस्टन ४०० ग्रॅमचा धरला, तरी त्या क्षणी तो रॉडला सव्वा टन वजनाएवढ्या जोराने ओढतो. ३५०० फेऱ्यांवर हीच ओढ एक चतुर्थांश होते.

डीलरच्या चाचणी-फेरीत काहीच का जाणवत नाही, हेही यावरून कळते. अर्धवट तुंबलेल्या जाळीतून कमी फेऱ्यांवर पुरेसे तेल येते. फेऱ्या वाढल्या की पंप जास्त तेल मागतो, जाळी ते देत नाही, पंपाच्या तोंडाशी पोकळी निर्माण होते आणि बुडबुडे मिसळलेले तेल पुढे जाते. थर तुटतो, धातूला धातू लागतो, शेल तापून क्रँकला चिकटते आणि आपल्या बैठकीत फिरते. मग तेलाचा रस्ताच बंद होतो. शेवट कधी इंजिन जाम होण्यात, तर कधी तुटलेला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येण्यात होतो. डॅशबोर्डवरचा तेलाचा लाल दिवा इथे उपयोगी पडत नाही. तो बहुतेक गाड्यांत दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो, आणि वेगात असलेल्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट दाब हवा असतो. आधी ऐकू येते ती ॲक्सिलरेटरबरोबर वाढणारी लयबद्ध ठकठक. ती आली की इंजिन तिथल्या तिथे बंद करून गाडी टो करून न्यावी. गॅरेजपर्यंत चालवत नेल्यास ब्लॉकही वाचत नाही.

इंजिन न उघडताही, साध्या तेलबदलानंतर असे घडू शकते. जुन्या फिल्टरची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहते, तिच्यावरच नवा फिल्टर बसतो आणि दोन रिंगांमधून काही मिनिटांत सगळे तेल रस्त्यावर सांडते. ड्रेन बोल्ट अर्धवट आवळला तरी परिणाम तोच. तेल फार जास्त भरले, तर क्रँक ते घुसळते आणि पंपात फेस जातो.

पोर्शेने २०१४ मध्ये वेगळा मार्ग निवडला. ९११ जीटी३ च्या दोन गाड्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होऊन पेटल्यावर कंपनीने त्या वर्षीच्या सर्व ७८५ गाड्या थांबवल्या आणि बोल्ट बदलण्याऐवजी प्रत्येक गाडीत पूर्ण नवे इंजिन बसवले. ९००० फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या इंजिनासाठी हा निर्णय योग्यच होता. ४ लाख गाड्यांसाठी तो कोणत्याही कंपनीला परवडणारा नव्हता, हेही तितकेच खरे.

बंद पडलेल्या इंजिनाचा दोष कुणाचा, हे उघडून पाहिल्यावरच ठरते. त्यासाठी तेल फेकून न देता नमुना ठेवावा लागतो, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा लागतो आणि चेंबर उतरवताना जाळीचे फोटो जागेवरच घ्यावे लागतात. जाळीवर रबरी तुकडे दिसले तर संशय जोडणीवर जातो. फक्त धातूची चमकदार पूड असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते. चरे पडलेल्या क्रँकसह ब्लॉक बहुधा पूर्ण बदलावा लागतो. ऑइल कूलर असेल तर तोही बदलावा, कारण त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेली पूड धुऊन पूर्ण निघत नाही आणि तीच नव्या बेअरिंगांत जाते.