शाळेच्या पटांगणावरची शांतिप्रार्थना

जून उजाडला की बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. पुण्यातल्या झाडून सगळ्या शाळांच्या पुस्तकांच्या याद्या घेऊन पालक दुकानांसमोर उभे असतात. यादीतलं जवळपास सगळं इथे मिळतं. शाळेची डायरी मात्र शाळाच देते. कॅथलिक शाळांच्या डायरीत पहिल्या काही पानांवर सहसा प्रार्थना छापलेल्या असतात: दिवस सुरू होतानाची, शाळा सुटतानाची आणि अनेकदा शांतीसाठीची. ती म्हणणाऱ्या मुलांपैकी बहुतेक ख्रिस्ती नसतात. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्याच २०११ च्या जनगणनेनुसार एक टक्क्याच्या आसपास आहे. ज्या घरात सकाळी अथर्वशीर्ष होतं, ज्या घरात पहाटेची नमाज होते, त्या घरांतली मुलं पटांगणावर शेजारी शेजारी उभी राहून ही प्रार्थना म्हणतात. वर्षानुवर्षं म्हणत आली आहेत.

पुण्यातल्या कॅथलिक समाजाची मुळं पेशवाईपर्यंत जातात. पेशव्यांच्या फौजेत कॅथलिक अधिकारी आणि शिपाई होते. त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी नाना पेठेत जागा दिली आणि १७९२ साली तिथे चर्च उभं राहिलं. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्यानंतरच्या वीस वर्षांत लष्कर भागात जीझस अँड मेरी संघाच्या धर्मभगिनींची शाळा (१८६०) आणि सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) सुरू झाल्या. त्यानंतर पेठांमधल्या कितीतरी घरांतली मुलं लष्करातल्या शाळांत जाऊ लागली.

एरवीची असेंब्ली पंधरा मिनिटांत उरकते. प्रार्थना, बातम्या, सुविचार, राष्ट्रगीत, की मुलं वर्गात. पण कुठे युद्ध पेटलं, कुठे स्फोट झाला, की तिचं रूप बदलतं. समई किंवा मेणबत्ती लावली जाते. बायबल, गीता, कुराण यांतले उतारे वाचले जातात. मग एकेक मूल पुढे येऊन कुणासाठी प्रार्थना करायची ते सांगतं: घर सोडावं लागलेल्यांसाठी, सैनिकांसाठी, जखमींवर उपचार करणाऱ्यांसाठी. प्रत्येक विनंतीनंतर सगळी शाळा एका ओळीत प्रतिसाद देते आणि शेवटी मिनिटभर शांतता पाळली जाते. हजारभर मुलं एकाच वेळी गप्प उभी आहेत, हे दृश्य शाळेत दुसऱ्या कुठल्याही निमित्ताने क्वचितच दिसतं.

कधी आवाहन थेट रोमहून येतं. पोप फ्रान्सिस यांनी ७ सप्टेंबर २०१३ रोजी सीरियासाठी आणि २७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुन्हा शांतीसाठी उपवास-प्रार्थनेचा दिवस पाळायला सांगितला. पोप लिओ चौदावे यांनी २२ ऑगस्ट २०२५ ला तसंच आवाहन केलं. १ जानेवारी हा तर १९६८ पासून कॅथलिक चर्चचा जागतिक शांतिदिन आहे. ऑक्टोबर महिना रोझरीचा, म्हणजे पवित्र मरियेच्या जपमाळेचा. त्यातल्या १८ तारखेला जगभरची मुलं शांतीसाठी रोझरी म्हणतात. हा उपक्रम २००५ मध्ये व्हेनेझुएलाच्या काराकास शहरात सुरू झाला.

संत फ्रान्सिस यांची म्हणून जी शांतिप्रार्थना शाळाशाळांतून गायली जाते, तिची कथा पालकांनी मुलांना जरूर सांगावी. ती तेराव्या शतकातल्या फ्रान्सिस यांची नाही. ती पहिल्यांदा छापून आली १९१२ मध्ये, पॅरिसच्या एका छोट्या फ्रेंच नियतकालिकात, आणि तीही लेखकाच्या नावाशिवाय. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती पसरली. मदर तेरेसांनी १९७९ च्या नोबेल भाषणाच्या सुरुवातीला सगळ्या श्रोत्यांना हीच प्रार्थना सोबत म्हणायला सांगितली होती. आधी समोरच्याचा विचार, मग स्वतःचा, हा तिचा गाभा कुठल्याही घरातल्या मुलाला सहज कळतो.

तरीही एक अवघड प्रश्न उरतोच. वेगवेगळ्या धर्मांच्या मुलांनी एकाच धर्माच्या शब्दांत प्रार्थना का म्हणावी? हा प्रश्न टाळून चालणार नाही. जुलै २०२३ मध्ये पुण्याजवळ तळेगाव दाभाडे इथे एका शाळेच्या प्राचार्यांना जमावाने मारहाण केली. मुलांकडून ख्रिस्ती प्रार्थना म्हणवून घेतली जाते, हा तक्रारींपैकी एक मुद्दा होता. ती शाळा कॅथलिक नव्हती. त्या मारहाणीचं कुठलंही समर्थन होऊ शकत नाही. पण पालकांच्या मनातली शंका शाळेने वेळीच ऐकून घेतली पाहिजे, हेही तितकंच खरं.

राज्यघटनेचं उत्तर स्पष्ट आहे. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क देतो. अनुच्छेद २८ सांगतो की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येणार नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती हवी. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेनेही २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, असेंब्लीत घटनेची उद्देशिका रोज म्हणा, सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष ठेवा. आधी स्वतःच्या शाळांकडे पाहणाऱ्या या सूचनांचं स्वागतच करायला हवं.

चर्चला ही वाट नवीन नाही. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतल्या असिसीला जगभरच्या धर्मांचे प्रतिनिधी बोलावले. दलाई लामाही होते. एकच प्रार्थना सगळ्यांनी म्हणायची, असं तिथे ठरलेलं नव्हतं. जमायचं एकत्र आणि प्रार्थना करायची ज्याने त्याने आपल्या परंपरेने, अशी ती रीत होती. त्याच्याही आधी, एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीत गांधीजींच्या सर्वधर्म प्रार्थनेत कुराणातल्या आयतींना कुणीतरी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी प्रार्थनाच थांबवली. आयती गाळून उरलेली म्हणणं त्यांना मान्य नव्हतं आणि हरकत घेणाऱ्यावर जबरदस्ती करणंही. शाळांनी यातून पुष्कळ घेण्यासारखं आहे.

पुण्यात तर धर्मांमधल्या अशा संवादाची तयारी केव्हाचीच झालेली आहे. बुधवार पेठेला लागून असलेल्या शनिवार पेठेत येशूसंघीयांचं स्नेहसदन आहे. मूळचे जर्मन असलेले फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी महाराष्ट्रातल्या आधुनिक विचारप्रवाहांवर ग्रंथ लिहिला आणि याच पेठेतून धर्मांमधल्या संवादाचं काम केलं. पुण्याचे बिशप राहिलेले, मूळ वसईचे थॉमस डाबरे यांचा प्रबंध तुकोबांच्या ईश्वरानुभवावर आहे. भारतातल्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेत, शांतीची खूण म्हणून शेजाऱ्याला हात जोडून नमस्कार करतात. १९६९ मध्ये रोमने भारतीय चर्चला जे बदल मंजूर केले, त्यांत ही रीतही होती. मराठी मुलाला ती वेगळी शिकवावी लागत नाही.

मात्र शांती दूरच्या देशासाठीच मागणं सोपं असतं. १० जुलै २०१४ रोजी बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीपासून हाकेच्या अंतरावर, फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात मोटरसायकलमध्ये स्फोट झाला. मे २०२३ पासून मणिपूर जळत होतं. तिथे चर्चही जळली आणि मंदिरंही. युक्रेन आणि गाझाचं नाव घेणाऱ्या असेंब्लीत मणिपूरचं नाव आलं पाहिजे, मैतेई आणि कुकी दोघांचंही. आणि वर्गात ज्याच्याशी कुणी बोलत नाही, त्या मुलाचीही आठवण झाली पाहिजे.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती: वर्षाच्या पहिल्या पालकसभेत डायरीतल्या प्रार्थना वाचून दाखवा, त्या का आहेत ते सांगा आणि ज्याला म्हणायच्या नाहीत त्याला नुसतं शांत उभं राहण्याची मोकळीक द्या. आणि पालकहो, जूनमध्ये पुस्तकांना कव्हरं घालून झाली की ती डायरीही एकदा मुलांसोबत उघडून वाचा.