साचा आणि घर

शिंप्याकडे माप देऊन शिवलेला अंगरखा आणि बाजारातून आणलेला तयार सदरा यांतील भेद सर्वांच्या परिचयाचा आहे. यंत्रविद्येतही हाच भेद आढळतो. मात्र तेथील चूक केसाच्या जाडीहून कमी असते आणि तिची किंमत पुष्कळ मोठी असते. रायफल व तिचे काडतूस हे याचे बोलके उदाहरण होय.

काडतुसाची पितळी पुंगळी नळीच्या मागील टोकास कोरलेल्या घरात बसते. बार उडताच वायूंच्या दाबाने पितळ फुगते, घराच्या भिंतींना चिकटते आणि वायूंना मागे येऊ देत नाही. दाब उतरताच ते किंचित आकसते व पुंगळी बाहेर निघते. परंतु तिने आता त्या एका घराचा आकार घेतलेला असतो. भारतात काडतुसे बनविण्यास १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवाना लागतो. अमेरिकेत मात्र अनेक नेमबाज वापरलेली पुंगळी घरीच पोलादी साच्यात दाबून मापावर आणतात आणि पुन्हा भरतात.

अडचण येथेच उद्भवते. साचा सर्वसाधारण मापाचा असतो. कुशल कारागिराने एखाद्या रायफलीसाठी कोरलेले घर विशेष मापाचे असते. साचा दाबयंत्रात तळापर्यंत पिळला, तर पुंगळीचा खांदा अवाजवी मागे सरतो आणि पुढच्या बाराला ती पुन्हा ताणली जाते. असे वारंवार घडले की बुडाजवळचे पितळ विरते, आणि एके दिवशी पुंगळी तेथेच तुटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे झेपावतात. म्हणून जाणता नेमबाज त्याच घरात उडविलेली पुंगळी आधी मोजतो आणि खांदा सुमारे ०.०५ मिलिमीटर मागे जाईल इतकाच साचा थोडाथोडा खाली आणतो. लांबी अशी पेचाने साधते. व्यास साधत नाही. घर साच्याहूनही अरुंद असेल, तर साचा कितीही फिरविला तरी उपयोग नाही. त्या घराच्या मापाचा नवा साचाच करवून घ्यावा लागतो.

मोजमापाच्या या शास्त्राचे रायफलीशी नाते जुने आहे. स्वीडनमधील एस्किल्स्टुना येथील सरकारी रायफल कारखान्यात योहान्सन नावाचा तपासनीस होता. प्रत्येक मापासाठी वेगळे गेज करण्याचा खटाटोप टाळण्यासाठी १८९६ च्या सुमारास त्याने १०२ पोलादी ठोकळ्यांच्या संचाची कल्पना काढली. ते एकमेकांवर सरकवून चिकटविले की त्यांच्या जुळणीतून वीस हजार मापे मिळत.

मोजमापाच्या याच शास्त्राशी बेंगळुरूच्या यंत्रोद्योगाचेही नाते आहे. १९५३ साली तेथे हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. १९६२ साली तुमकूर मार्गावर सेंट्रल मशीन टूल इन्स्टिट्यूट आली. आज ती संस्था सेंट्रल मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. लांबीचे अचूक माप जगभर २० अंश सेल्सियसला धरून सांगतात, कारण हाताच्या उबेनेही पोलाद वाढते.

लेथ असो वा रायफल, बोध एकच. प्रमाणित माप हा आरंभ होय, शेवट नव्हे. समोरची वस्तू प्रत्यक्ष मोजल्याविना साच्यावर विसंबणाऱ्याची चूक त्या दिवशी दिसत नाही. ती पितळात साठत जाते.