राजा बाजूला झाला तेव्हा

राजवाड्यातलं संग्रहालय म्हटलं की काय बघायला मिळणार हे आधीच ठाऊक असतं: तलवारी, हौदे, तैलचित्रं, पेंढा भरलेले वाघ. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसपासून म्हैसूरपर्यंत ही दालनं एका घराण्याची ओळख करून देतात. त्यात वावगं काही नाही. पण ज्या रयतेच्या साऱ्यावर हे सगळं उभं राहिलं, तिचा मुलूख तिथे क्वचितच दिसतो. रायपूर शहरात घडी चौकाजवळ मात्र वेगळ्या धाटणीचं महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. राजनांदगावच्या या संस्थानिकाने 1875 साली ते उभं केलं, आणि त्यात स्वतःच्या घराण्यापेक्षा छत्तीसगडला जागा दिली. संस्थानी वारसा सांभाळायची हीच रीत जास्त टिकाऊ आहे, असं माझं म्हणणं आहे.

हे घराणं मुळात तलवारीचं नव्हतंच. शाली विकायला पंजाबातून आलेले बैरागी रतनपूरला नागपूरकर भोसल्यांच्या आश्रयाने स्थिरावले. सावकारी वाढली आणि फिटू न शकलेल्या कर्जांतून जमीनदाऱ्या हाती आल्या. गादी गुरूकडून चेल्याकडे जाई. 1865 साली इंग्रजांनी घासीदासांना संस्थानिक म्हणून मान्यता दिली आणि दहाच वर्षांत संग्रहालय झालं. तेव्हा हा सरकारदरबारी वजन वाढवण्याचा खटाटोप होता, असं कोणी म्हटलं तर ते सहज खोडता येणार नाही. मात्र हेतू कोणताही असो, आत काय ठेवलं हे त्याहून महत्त्वाचं.

तिथला किरारी गावचा लाकडी खांबच घ्या. 1921 साली त्या गावचा तलाव आटला आणि गाळातून इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा हा कोरीव खांब निघाला. शतकानुशतकं पाण्यात तगलेलं लाकूड उन्हात वाळलं आणि अक्षरांचे पापुद्रे सुटू लागले. एका स्थानिक पंडिताने ती आधीच उतरवून घेतली होती, म्हणून आज वाचता येतात. त्यांत आहे ती अधिकाऱ्यांची यादी: नगररक्षक, सेनापती, गणक, भांडागारिक, हत्तीस्वार, मुदपाकखान्यावरचा महानसिक. राजाचा कारभार ज्यांच्या जिवावर चाले, त्या माणसांची ही नोंद आहे. एखाद्या सिंहासनापेक्षा राज्य म्हणजे काय ते या ओंडक्यातून जास्त कळतं.

वस्तू मूळ जागेवरच असाव्यात, छत्तीसगडमधल्या सिरपूरच्या कांस्यमूर्ती सिरपुरातच शोभतात, हा आक्षेप रास्त आहे. पण मूर्ती जागेवर राहतातच असं नाही. सिरपूरची तारा म्हणून जगभर ओळखली जाणारी मूर्ती आज लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. तिथलीच मंजुश्रीची मूर्ती रायपूरच्या या संग्रहालयात आहे. सिरपूरच्या माणसाला यांपैकी कोणती बघायला जाणं परवडेल, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप असा, की स्वतःचा वाडा राखून बाहेर दान करणं सोपं असतं. राजनांदगावात तेही झालं नाही. रायपूरच्या संग्रहालयाची नवी वास्तू 1953 साली राणी ज्योतिदेवी आणि राजा दिग्विजयदास यांच्या देणगीतून झाली, आणि पुढे राजवाड्यात दिग्विजय महाविद्यालय भरू लागलं. मातृभाषा मराठी असलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून तिथे शिकवत होते आणि त्याच आवारात राहत होते. आज तिथलं ‘त्रिवेणी’ संग्रहालय मुक्तिबोध, पदुमलाल पुन्नालाल बक्षी आणि बलदेवप्रसाद मिश्र या तीन लेखकांचं आहे. राजवाडा बघायला आलेल्याला तिथे मास्तरकी करणाऱ्या कवीचं घर दाखवलं जातं.

यात घराण्याचा इतिहास मागे पडतो, हे खरं. तो सांगितला पाहिजे, कारण बैराग्यांचे राजे झाले ही गोष्ट साधी नाही. पण संस्थान विलीन झाल्यावर वाड्याला तिकीट लावूनच जगवायचं, असं काही नसतं. महाविद्यालय झालेल्या वाड्याची डागडुजी व्हावी असं गावातल्या प्रत्येक घराला वाटतं, कारण त्या घरातलं कोणी ना कोणी तिथे शिकलेलं असतं.