घर तिघांचे, खाते एकाचे

गुहागर, दिवेआगर, तारकर्लीकडे वडिलोपार्जित घरातल्या दोन-चार खोल्या पर्यटकांना देण्याची आता चालच पडली आहे. घर बहुधा भावंडांच्या सामाईक नावावर असते. इंटरनेटवरच्या कंपनीकडे नोंदणी मात्र एकाच्याच नावाने होते आणि पैसे त्याच्याच खात्यात येतात. मग आयकर भरायचा कुणी?

समजा, दोन भाऊ आणि एक बहीण यांचा सारखा हिस्सा आहे आणि वर्षाला ६ लाख रुपये आले. कंपनी पैसे देतानाच कर कापून घेते. १ ऑक्टोबर २०२४पासून हा दर शेकडा १० पैसे आहे, म्हणजे ६ लाखांवर अवघे ६०० रुपये. रक्कम किरकोळ, पण तिच्याबरोबर पूर्ण ६ लाखांची नोंद गावातल्या धाकट्या भावाच्या पॅनवर जाऊन बसते. त्याने विवरणपत्रात २ लाखच दाखवले, तर उरलेल्या ४ लाखांची विचारणा त्यालाच होणार.

नुसत्या खोल्या भाड्याने दिल्या असतील, तर उत्तर सोपे आहे. मालकांचे हिस्से निश्चित असले की घरभाडे ज्याने त्याने आपल्या हिश्शाप्रमाणे दाखवायचे. १९६१च्या कायद्यातले हे तत्त्व २०२५च्या नव्या कायद्यानेही कायम ठेवले आहे. भरलेली घरपट्टी वजा जाता उरणाऱ्या रकमेवर ३० टक्के वजावटही प्रत्येकाला मिळते. हिस्से मात्र कागदावर हवेत.

पण कोकणात आलेला पाहुणा नुसत्या खोलीवर थोडाच खूश होतो! त्याला सकाळी घावने लागतात, दुपारी तळलेले मासे, रोज धुतलेल्या चादरी. हे सगळे पुरवले की ते भाडे राहत नाही, धंदा होतो. तिघांनी मिळून केलेला धंदा म्हटले, तर खाते तिघांना मिळून एक वेगळा करदाताही मानू शकते. शिवाय मासे तळतो गावातला भाऊ, मुंबईची बहीण नव्हे.

म्हणून मला बरी वाटते ती व्यवस्था अशी. धंदा गावातल्या भावाने आपल्या एकट्याच्या नावावर करावा, सगळे ६ लाख आपल्या हिशेबात घ्यावेत आणि किराणा, गॅस, वीज यांबरोबर भावंडांना त्यांच्या हिश्शापोटी दिलेले भाडेही खर्चात धरावे. भावंडांनी ते भाडे आपापल्या विवरणपत्रात दाखवावे. पॅनवरची नोंद जुळते आणि राबणाऱ्याची कमाई राबणाऱ्याकडे राहते. भाड्याचा करार हंगामाआधी लेखी करावा आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. दिवाळीत पाकिटात घालून दिलेले भाडे तपासणीत शाबीत करणे कठीण जाते.